स्टिल ०४४ आणि एमएस ४४०: सुट्या भागांतील बदलांचा माग कसा काढावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लाकडाच्या वखारीतून घेतलेले स्टिल कंपनीचे ०४४ हे जुने चेनसॉ मशीन (लाकूड कापण्याची इंजिनवरची करवत) आपल्याकडे आहे. पिस्टनवर ओरखडे आल्यामुळे, ‘०४४ म्हणजेच एमएस ४४०’ या दुकानदाराच्या सांगण्यावरून आपण एमएस ४४० चे ब्लॉक-पिस्टन किट मागवले (ब्लॉक म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर). ब्लॉक क्रँककेसवर नीट बसतो, पिस्टनही ब्लॉकमध्ये नीट सरकतो, पण गजन पिन, म्हणजे पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी आडवी पिन, रॉडच्या बेअरिंगमध्ये शिरत नाही. मशीन कोणत्या वर्षाचे आहे हे कसे ओळखावे आणि कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला याचा तक्ता कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे.

पिनेचे उत्तर आधी देतो. सुरुवातीच्या ०४४ मशीनमध्ये गजन पिन १० मिमी जाडीची होती, नंतरच्या ०४४ मध्ये आणि पुढे एमएस ४४० मध्ये ती १२ मिमीची झाली. आपले मशीन पहिल्या प्रकारातले आहे आणि आलेले किट दुसऱ्या प्रकारातले. ब्लॉकचा आतला व्यास दोन्हींत ५० मिमी, पिस्टनची धाव दोन्हींत ३६ मिमी आणि क्षमताही तीच, म्हणजे ७०.७ घनसेंटिमीटर. त्यामुळे दुकानदाराने जी मापे पाहिली ती सगळी जुळली आणि जे माप कोणी पाहिले नाही तेच आडवे आले. बेअरिंग घासून मोठे करणे, पिनेला लेथवर बारीक करणे किंवा बुश (मधली धातूची नळी) घालून जुळवणे असले उपाय कोणी सुचवले, तर ते ऐकू नयेत. भार पडल्यावर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास आणि मोकळे सोडल्यावर त्याहूनही अधिक फेरे घेणाऱ्या इंजिनात ही पिन प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलणारा धक्का सोसते. तिचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो आणि लेथवर चढवली की तोच थर निघून जातो.

आता वर्षाचा प्रश्न. आपण तो जसा विचारला आहे तसे त्याचे उत्तर देता येते, पण ते उत्तर आपल्या उपयोगाचे नाही. मोटारगाड्यांमुळे आपल्याला ‘अमुक सालचे मॉडेल’ असे बोलण्याची सवय लागली आहे. चेनसॉच्या कारखान्यात बदल साल पाहून होत नाहीत. एखादा भाग सुधारला की तो उत्पादनाच्या मधेच, एखाद्या अनुक्रमांकापासून पुढे बसवला जातो. त्याच सुमारास दुसरा भाग जुनाच राहतो आणि दोन वर्षांनी वेगळ्याच अनुक्रमांकावर बदलतो. म्हणजे एका मशीनला एक ‘पिढी’ नसते. प्रत्येक भागाची स्वतःची सीमारेषा असते आणि आपले मशीन काही रेषांच्या अलीकडे, तर काही रेषांच्या पलीकडे उभे असते. म्हणून ‘मशीन कोणत्या वर्षाचे’ हे विचारण्यापेक्षा ‘हा भाग कोणत्या अनुक्रमांकापासून बदलला आणि माझा अनुक्रमांक त्याच्या कोणत्या बाजूला येतो’ असे विचारल्यास प्रश्न सुटतो.

स्टिलच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्यांच्या नऊ अंकी अनुक्रमांकात साल किंवा आठवडा सरळ वाचता येईल असा लिहिलेला नसतो. पहिला अंक सहसा कारखाना सांगतो: १ म्हणजे जर्मनी, २ म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच, ३ म्हणजे ब्राझील. पुढचे अंक चढत्या क्रमाने येतात. त्यांतून निर्मितीची नेमकी तारीख काढायची तर कंपनीची किंवा अधिकृत विक्रेत्याची नोंद पाहावी लागते. पहिल्या अंकाकडे दुर्लक्ष करू नये, कारण सुट्या भागांच्या पुस्तकात दिलेली सीमा एकाच कारखान्याच्या क्रमाला लागू असू शकते. १ ने सुरू होणाऱ्या क्रमांकासाठी दिलेली सीमा २ ने सुरू होणाऱ्या मशीनला तशीच लावली, तर निष्कर्ष चुकतो.

हस्कवर्नाची पद्धत याच्या उलट आहे आणि दोन्ही कंपन्यांची मशीने हाताळणाऱ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. त्यांच्या अनुक्रमांकाच्या सुरुवातीला वर्ष आणि त्यापुढे आठवडा असतो. अलीकडच्या मशीनवर वर्ष चार अंकी असते, त्यामुळे २०१२१५ अशी सुरुवात असेल तर ते २०१२ सालच्या पंधराव्या आठवड्यातले. मधल्या काळात वर्षाचे शेवटचे दोनच अंक येत आणि त्याआधी फक्त एक. जुन्या मशीनवर ४१३ अशी सुरुवात असेल, तर तेरावा आठवडा निश्चित, पण वर्ष १९८४ की १९९४ हे अनुक्रमांक सांगत नाही. ते मॉडेलच्या नावावरून आणि इतर भागांवरून ठरवावे लागते. इतके स्पष्ट साल हाती असूनही भागांचा प्रश्न त्याने सुटतोच असे नाही. हस्कवर्नाचे ३६५ हे मशीन आधी ४८ मिमी व्यासाच्या ब्लॉकसह ६५.१ घनसेंटिमीटरचे होते. पुढे एक्स-टॉर्क ही कमी धूर सोडणाऱ्या इंजिनाची रचना आली तेव्हा नाव ३६५ च राहिले आणि क्षमता ७०.७ झाली. ३७२ एक्सपीमध्ये नेमके उलटे घडले: क्षमता ७०.७ च राहिली, पण एक्स-टॉर्कच्या पिस्टनला दोन्ही बाजूंना खिडक्या (हवा-वायू जाण्याची भोके) आल्या, कार्ब्युरेटरकडून येणारी रबरी नळी दोन वाटांची झाली, आणि जुना ब्लॉक-पिस्टन संच नव्या मशीनला निरुपयोगी ठरला. एकीकडे नाव तेच आणि घनफळ वेगळे, दुसरीकडे घनफळ तेच आणि रचना वेगळी. झाकणावरचे नाव पाहून मागणी नोंदवणाऱ्याला दोन्हीकडे फटका बसतो.

आपल्या ०४४ कडे परत येऊ. हे मॉडेल १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. २००० च्या सुमारास स्टिलने शून्याने सुरू होणारी तीन अंकी नावे बदलून त्यांच्या जागी ‘एमएस’ ही अक्षरे आणि नवे आकडे आणले, तेव्हा ०४४ चे एमएस ४४० झाले आणि ०४६ चे एमएस ४६०. हे नामांतर होते. पिनेचा बदल त्याच्या आधीच, ०४४ हे नाव चालू असतानाच झाला होता. त्यामुळे ‘०४४ म्हणजे १० मिमी आणि ४४० म्हणजे १२ मिमी’ हे सोपे समीकरणही अपुरे आहे: एमएस ४४० वर १२ मिमी हे धरून चालता येते, पण ०४४ वर दोहोंपैकी काहीही निघू शकते. त्यानंतर आलेले एमएस ४४१ हे मात्र खरोखर वेगळे मशीन आहे. त्याचाही व्यास ५० मिमी, धाव ३६ मिमी आणि क्षमता ७०.७ आहे, तरी त्याचा ब्लॉक आपल्या मशीनवर चालत नाही.

हा फरक पार्ट नंबरातच दिसतो. स्टिलचा पार्ट नंबर अकरा अंकी असतो आणि तो चार, तीन, चार अशा गटांत वाचायचा असतो. पहिले चार अंक मशीनच्या कुळाचे असतात. ०४४, ०४६, एमएस ४४० आणि एमएस ४६० ही सगळी ११२८ या कुळातली, तर एमएस ४४१ हे ११३८ या कुळातले. मधले तीन अंक भागाचा विभाग सांगतात: ०२० म्हणजे ब्लॉक आणि क्रँककेस, ०३० म्हणजे क्रँक आणि पिस्टन, १२० म्हणजे कार्ब्युरेटर, १६० म्हणजे क्लच, ४०० म्हणजे इग्निशन, ६४० म्हणजे चेनचा तेलपंप. शेवटचे चार अंक त्या विभागातला नेमका भाग आणि त्याची आवृत्ती सांगतात, आणि सगळा खेळ या चार अंकांचा असतो. ज्यांची सुरुवात ०००० अशी असते ते भाग अनेक कुळांत सामाईक असतात. ज्यांची सुरुवात ९ ने होते ते स्क्रू, बेअरिंग, सर्क्लिप (पिन जागेवर अडवणारी स्प्रिंगची कडी), ऑइल सील यांसारखे प्रमाणित भाग होत. आपल्याला आलेल्या किटवरचा नंबर ११२८ ने सुरू होत असेल आणि मधले तीन अंक ०२० असतील, तर दुकानदाराने कुळ आणि विभाग बरोबर ओळखले, एवढेच सिद्ध होते. ११२८ कुळात ५० मिमीचा ब्लॉक आहे आणि ०४६ चा ५२ मिमीचाही आहे, १० मिमीची पिन आहे आणि १२ मिमीचीही आहे.

आता सुट्या भागांच्या पुस्तकाविषयी, कारण जाणकार लोकही येथे फसतात. सर्वांत ताजे पुस्तक सर्वांत अचूक असेल, असे आपण गृहीत धरतो. चालू मशीनसाठी ते खरे आहे. जुन्या मशीनसाठी मात्र ताज्या पुस्तकाचा उद्देशच वेगळा असतो: आज काय मागवता येते ते सांगणे. एखादा जुना भाग बंद झाला आणि त्याच्या जागी नवा भाग चालतो असे कंपनीने ठरवले, की जुना नंबर पुस्तकातून निघून जातो आणि त्याबरोबर सीमारेषेची नोंदही जाऊ शकते. म्हणून ज्याला बदलांचा माग काढायचा आहे त्याने एकाच मॉडेलच्या दोन-तीन वेगवेगळ्या काळांतल्या आवृत्त्या मिळवाव्यात आणि एकेक पान शेजारी ठेवून वाचावे. जुन्या आवृत्तीत एकच नंबर आहे, मधल्या आवृत्तीत दोन नंबर असून ‘अमुक अनुक्रमांकापर्यंत’ आणि ‘अमुक अनुक्रमांकापासून’ असे शेरे आहेत, आणि नव्या आवृत्तीत पुन्हा एकच नंबर आहे, असे चित्र दिसले की तो भाग बदलला हे निश्चित होते. मधली आवृत्ती हाती नसेल, तर निदान पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीतल्या नंबरांतला फरक पाहून संशय घेता येतो. नंबर बदलला म्हणजे माप बदललेच असे नाही. कधी फक्त पुरवठादार बदलतो, कधी पॅकिंग (गॅस्केट) आणि सर्क्लिप सोबत देऊन त्याच भागाचे किट केले जाते.

पर्यायी नंबरांची साखळीही काळजीपूर्वक वाचावी. जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर दिला असेल, तर तो नवा भाग जुन्या मशीनवर बसतो असा त्याचा अर्थ होतो. नव्या मशीनवर जुना भाग बसेल असा उलटा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय काही वेळा नवा भाग एकटा बसत नाही, सोबतचे दोन-तीन भागही नवे घ्यावे लागतात आणि ही अट पुस्तकात बारीक टिपेत असते किंवा विक्रेत्यांना पाठवलेल्या तांत्रिक पत्रकात असते. गजन पिनेचेच पाहा. पिनेची जाडी बदलली की तिच्यावर फिरणारे नीडल बेअरिंग बदलते. बेअरिंग बसते रॉडच्या वरच्या डोळ्यात आणि या मशीनचा रॉड क्रँकपासून सुटा होत नाही, कारण क्रँक दाबून जुळवलेला असतो आणि रॉडसकट एकच नग म्हणून मिळतो. त्यामुळे पिस्टनचा वाटणारा हा बदल प्रत्यक्षात क्रँकपर्यंत जातो. पूर्ण क्रँक बदलून मशीन नव्या प्रकारात नेण्याचा मार्ग कागदावर मोकळा दिसतो, पण त्यासाठी क्रँककेस उघडावी लागते, मुख्य बेअरिंग आणि ऑइल सील नवी घालावी लागतात आणि खर्च १० मिमीच्या किटच्या कितीतरी पुढे जातो. चालू अवस्थेतल्या क्रँकसाठी हा उपद्व्याप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकानंतर मशीनकडे वळावे. पुस्तक सांगते ते कारखान्यातून बाहेर पडतानाचे. मशीन सांगते ते आजचे. वखारीतल्या मशीनने दहा-वीस वर्षांत काय काय सोसले असेल याचा नेम नसतो. दोन मोडक्या मशीनांचे मिळून एक चालू मशीन करणे हे आपल्याकडे आणि बाहेरही सर्रास चालते, आणि अनुक्रमांक तर फक्त ज्या केसवर ठोकलेला आहे त्या केसचाच असतो. म्हणून आधी केसवरचा अनुक्रमांक तारेच्या ब्रशने साफ करून वाचावा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर पुढच्या सर्व निष्कर्षांवर तेवढाच कमी भरवसा ठेवावा. त्यानंतर भागांवरचे ओतीव नंबर पाहावेत. ते स्टार्टर कव्हरच्या आतल्या बाजूला, हँडलच्या पोटात, तेलाच्या थराखाली सापडतात. येथे एक खबरदारी घ्यावी: ओतीव नंबर हा पुष्कळदा कच्च्या ओतकामाचा असतो. त्याच ओतकामातून बुश, स्टड, रबर बसवून तयार झालेल्या भागाचा मागणी नंबर शेवटच्या चार अंकांत वेगळा असतो. ओतीव नंबर जसाच्या तसा मागणीत लिहून पाठवला, तर ‘असा भाग नाही’ असे उत्तर येते आणि भाग बंद झाला असा समज होतो.

प्लास्टिकच्या भागांवर याहून बोलका पुरावा असतो. वरचे झाकण, स्टार्टर कव्हर किंवा फिल्टरचे कव्हर उलटे करून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाहिले, तर बहुधा नखाएवढे एक वर्तुळ दिसते. त्याच्या कडेला बारा महिने, मध्यभागी वर्षाचे अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण. काही साच्यांत बाणाऐवजी एकेका महिन्यासाठी एकेक ठिपका वाढवत नेलेला असतो. हा साच्याचा काळ असतो, जुळणीचा नव्हे, म्हणून त्यावरून इतकेच म्हणता येते की मशीन, निदान तो भाग, त्या महिन्याच्या आधीचा असू शकत नाही. चार-पाच भागांवरची अशी वर्तुळे एकमेकांच्या जवळपासची निघाली, तर मशीन बहुधा मूळ अवस्थेत आहे. चार एका वर्षाची आणि एक सात वर्षांनंतरचे निघाले, तर तो एक भाग कोणीतरी बदललेला आहे. निर्मितीचा काळ ठरवण्यासाठी अनुक्रमांकाखालोखाल मी याच खुणेला मान देतो.

बाहेरून दिसणाऱ्या इतर खुणाही आहेत, पण त्यांची किंमत कमी-अधिक आहे. ०४४ च्या सुरुवातीच्या ब्लॉकला दाब सोडण्याचा व्हॉल्व्ह नव्हता, नंतरच्या ब्लॉकला तो आला आणि त्यासाठी वरच्या झाकणाला भोक आले. झाकण तीन मिनिटांत बदलता येते, म्हणून भोक झाकणाला आहे की ब्लॉकला, हे वेगवेगळे तपासावे. ब्लॉकला भोक असून त्यात व्हॉल्व्हऐवजी आंधळा स्क्रू बसवलेला असण्याचीही शक्यता असते, कारण तसा स्क्रू मिळतो आणि गळका व्हॉल्व्ह काढून तो लावणारे बरेच जण आहेत. इंधन आणि तेलाची झाकणे जुन्या मशीनवर आट्यांची होती, नंतर हाताने पाव फेरा फिरवून बसणारी आली. टाकीचे तोंडच वेगळे असल्यामुळे हे झाकण त्या टाकीला बसत नाही, आणि त्यामुळे टाकी बदललेली नसेल तर ही खूण बऱ्यापैकी विश्वासार्ह ठरते. गाइड बार, चेन आणि स्प्रॉकेट यांवरून काळ ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. ते झिजणारे भाग आहेत आणि प्रत्येक मालकाने आपल्या सोयीने बदललेले असतात.

पिनेच्या बाबतीत मात्र बाहेरची कोणतीही खूण मी प्रमाण मानत नाही. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून पाहिले, तर पिस्टनचा घेर आणि रिंगा दिसतात, पिन दिसत नाही. ब्लॉक उचलावाच लागतो. आपण तो उचललेलाच आहे, तेव्हा व्हर्नियरने जुन्या पिनेचा बाहेरचा व्यास आणि तिची लांबी, बेअरिंगचे आतले व बाहेरचे माप आणि त्याची रुंदी, आणि पिनेच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून लिहून ठेवावी. पिस्टनवर रिंगेची टोके अडवण्यासाठी खोबणीत बारीक खिळी असते. ती कोणत्या बाजूला आहे याचे एक चित्र काढावे. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते, पण एका आवृत्तीचा पिस्टन दुसऱ्या आवृत्तीच्या ब्लॉकमध्ये घालणाऱ्यांना ते महागात पडू शकते. रिंगेचे टोक ब्लॉकच्या एखाद्या खिडकीसमोर आले, तर ते बाहेर उसळून अडकते आणि नवा ब्लॉक पहिल्याच दिवशी जातो. म्हणून फक्त १० मिमीचा पिस्टन मिळवून तो आत्ता आलेल्या ब्लॉकमध्ये घालण्याचा विचार असेल, तर आधी पिस्टन रिंगेशिवाय ब्लॉकमध्ये सरकवावा आणि खिळीची रेघ सगळ्या खिडक्यांपासून दूर जाते की नाही हे पाहावे. पिस्टन आणि ब्लॉक एकाच किटमधले घेणे केव्हाही बरे.

बाजारात १० मिमी पिनेची डुप्लिकेट किटेही मिळतात, मात्र बरेच विक्रेते नावापुढे ‘०४४/एमएस ४४०’ असे एकत्र लिहितात आणि पिनेचा उल्लेख करत नाहीत. मागणी लिहिताना मॉडेलचे नाव शेवटी लिहावे आणि सुरुवात अशी करावी: ‘व्यास ५० मिमी, पिन १० मिमी, ११२८ कुळ’. विक्रेत्याने पिनेचे माप लेखी कळवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. डुप्लिकेट किट घेतल्यास जुळणीनंतर स्पार्क प्लगच्या भोकातून मऊ सोल्डर तार ब्लॉकच्या भिंतीपर्यंत सरकवून, क्रँक हाताने एकदा फिरवून, चेपलेल्या टोकाची जाडी, म्हणजेच पिस्टनचा माथा आणि ब्लॉकचे छत यांच्यामधली फट, मोजावी. ती अर्ध्या मिमीपेक्षा कमी भरली, तर पिस्टनची उंची किंवा खालच्या पॅकिंगची जाडी चुकली आहे असे समजून तेथेच थांबावे. एक मिमीच्या पुढे गेली, तर मशीन चालेल पण ताकद थोडी कमी राहील.

फ्लायव्हील आणि इग्निशन कॉइल यांच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या सापडतात, पण आपला प्रश्न त्यांचा नसल्यामुळे एवढेच सांगतो की या दोहोंपैकी एक बदलायची वेळ आली, तर दुसऱ्याचा नंबर वाचल्याशिवाय मागणी नोंदवू नये, कारण ठिणगीची वेळ ही त्या जोडीवर ठरते.

सध्या आपल्यासाठी करण्यासारखे काम लहान आहे. जुन्या पिनेचे माप घेऊन ती १० मिमीचीच आहे याची खात्री करा, बेअरिंगमध्ये खडखड असेल तर तेही नवे मागवा आणि ब्लॉकखालचे पॅकिंग जुने वापरू नका. आलेल्या किटमधल्या रिंगा अजून पिस्टनवर चढवल्या नसतील तर चढवू नका आणि पिनेला लागलेले तेल पुसून ती मूळ पुडीत ठेवा. जुळणीच्या खुणा असलेले किट बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. परत पाठवताना सोबतच्या चिठ्ठीत जुन्या आणि नव्या पिनेची मापे शेजारी शेजारी लिहा, म्हणजे बदली म्हणून पुन्हा १२ मिमीचेच किट यायचे नाही.